फोटोतली सेबिन

कोरियातल्या सोल शहरात, त्वचेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. पोरीचे दोन्ही गाल मुरुमांनी लालभडक झाले होते.

"डॉक्टरला स्पष्ट सांग सेबिन, गुरुवारी नोकरीची मुलाखत आहे म्हणावं."

"आई, आधीच्या तिन्ही डॉक्टरांना सांगितलं. मलमाचा गुण यायला तीन महिने लागतात."

"मग गोळ्या घे."

"त्या सहा महिने घ्याव्या लागतात. ओठ फुटतात, वर सारखं रक्त तपासायचं."

"आणि लेसर?"

"दहा वेळा यायचं. तरी पुन्हा येणार नाहीत याची हमी नाही."

"चार दिवसांत माणूस चंद्रावर जातो, आणि एका पुटकुळीला सहा महिने?"

"तू नखानं फोडल्या नसत्यास, तर एवढ्या झाल्याच नसत्या."

"आईचं नख होतं ते, मायेनं फोडलं! आणि अर्जावरच्या फोटोत बघ, गाल कसे लोण्यासारखे दिसतात."

"स्टुडिओवाल्यानं पुसून काढलेत ते."

"बघ! त्याला अर्ध्या तासात जमलं. एवढं शिकून डॉक्टरला जमू नये? म्हणून तर ओळखपत्रावरही तोच फोटो लावायला लावला मी."

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "मिन सेबिन, ओळखपत्र दाखवा."

पोरीनं कार्ड पुढे केलं. काउंटरवालीनं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"ताई, बहिणीचं कार्ड चालत नाही. पेशंटला स्वतः यावं लागतं. त्या कधी येतील?"

"सहा महिन्यांनी," पोरगी म्हणाली.