कात्री धुऊन टाकली

आत्या : म्हणजे हिशोब असा. प्रयोग जमला तर शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं, शेवटचं तुझ्या बाईंचं, मधे तो शेजारच्या टेबलावरचा चष्मिस. आणि रीळ नि इलास्टिक माझ्या शिवणाच्या मशीनवरचं. मला काय मिळणार?

भाची : शेवटी आभार मानीन की.

आत्या : बारीक अक्षरात ना? दाखव, काय अडलंय ते.

भाची : हे इलास्टिक म्हणजे डीएनए. टोकं जोडलेलं बंद कडं. हे रीळ म्हणजे हिस्टोन, प्रथिनांचं. पेशीत डीएनए अशा कोट्यवधी रिळांवर वेढे घेऊन बसतो, एकेकावर जेमतेम पावणेदोन. नाहीतर दोन मीटरचा दोरा टाचणीच्या टोकाहून लहान डबीत मावेल कसा?

आत्या : माझ्या गिऱ्हाइकांना सांग हे. दोन मीटरमध्ये चार फ्रॉक मागतात.

भाची : ऐक ना. वेढे पडले, की नंतर रीळ काढलं तरी कड्यात पीळ राहतो. वीज लावली की पिळाचं कडं जेलीसारख्या थरातून भरभर पळतं, सैल कडं रेंगाळतं. माझी सगळी रेंगाळली. म्हणजे वेढे पडलेच नाहीत. म्हणजे चष्मिसनं बनवलेली प्रथिनं खराब.

आत्या : हे त्याला सांगितलंस?

भाची : बाईंना सांगितलं. परवा, मीटिंगमध्ये.

आत्या : म्हणजे चारचौघांत. वा! आणि तो?

भाची : आज दुपारी त्या प्रथिनांच्या सगळ्या कुप्या टाकून देणार आणि नव्यानं सुरुवात करणार. दीड महिन्याचं काम.

आत्या : आण ते इकडे. वेढे डावीकडून ना? हे घातले. बघ, रिळावर शहाण्यासारखं बसलंय, पण उरलेल्या भागानं उलटा पीळ घेतला. फुगून बसलंय, अगदी तुझ्या बाबासारखं. आता रीळ काढते.

भाची : सरळ झालं.

आत्या : जसंच्या तसं. उलट नि सुलट, फिटंफाट. मग रीळ चांगलं की वाईट, हे तू कशावरून ठरवलंस?

भाची : अगं, तो उलटा पीळ आम्ही सोडवतो. एक एन्झाइम असतं. ते डीएनए कापतं, पीळ सुटू देतं आणि परत जोडतं.

आत्या : कात्री नि टाका! मग ते माझंच काम. थांब.

(आत्या पुन्हा वेढे घालते, फुगलेल्या जागी इलास्टिक कापते, पीळ सुटू देते आणि टाके घालून जोडते.)

आत्या : घे, आता तू काढ रीळ.

भाची : पीळ राहिला! मला हेच दिसायला हवं होतं.

आत्या : सुंभ जळला तरी पीळ जात नाही, इथं तर नुसतं रीळ गेलंय. तुझ्या नळीत कात्री होती ना?

भाची : होती. आधी टाकली होती, कडी सैल करायला. मग...

आत्या : मग?

भाची : प्रथिनं घालायच्या आधी धुऊन काढली. म्हटलं, नमुना स्वच्छ असावा.

आत्या : दूध तापायच्या आत पातेलं घासायला घेणारी तू. किती वाजले?

भाची : दोन वाजत आले. आत्या, त्या कुप्या!

आत्या : माझं तोंड काय बघतेस? फोन लाव. आणि ‘बहुतेक’, ‘कदाचित’ मधे घुसडू नकोस.

भाची : हॅलो? टाकू नकोस! माझ्या प्रयोगात तुझ्या प्रथिनांची परीक्षा झालीच नाही. एन्झाइम मीच धुऊन टाकलं... हो, चूक माझी. उद्या सगळ्यांसमोर सांगते... हं. ठेवते.

आत्या : टाकल्या?

भाची : नाही. डबा हातात घेऊनच उभा होता.

आत्या : मग तोंड का पडलं? तुमचा दोघांचा दीड महिना वाचला, त्याच्या कुप्या वाचल्या. खर्ची पडलं ते माझं इलास्टिक. एका फ्रॉकची कंबर होती ती.

भाची : काय म्हणाला माहितेय? ‘बरं झालं. दोन दिवस मला वाटत होतं, माझा हातच बिघडला.’

आत्या : असं म्हणाला? ...मग इलास्टिक धरू नकोस हिशोबात.