स्पीकरच्या पाठीवरची पट्टी

भाची: हात नको लावूस. तसाच राहू दे तो, पाठ इकडे करून.

मामा: अगं, पण भिंतीपासून ओढलास कशाला? आणि एवढ्या सकाळी? आत कशी आलीस?

भाची: चावी आहे ना माझ्याकडे. तूच दिलीस, ‘आजपासून स्टुडिओ तुझाही’ असं म्हणून.

मामा: हो, हो. चहा झाला का?

भाची: ही काळी पट्टी कसली?

मामा: कुठली?

भाची: स्पीकरच्या पाठीवर होती ती. दोन्ही स्पीकरवर. आता माझ्या हातात आहे.

मामा: कंपनीनं लावलेली असेल. धूळ जाऊ नये म्हणून.

भाची: कंपनीतली माणसं पट्टी दाताने तोडतात? कड बघ तिची. कात्री समोर असताना दाताने पट्टी तोडणारा आपल्या घरात एकच माणूस आहे.

मामा: बरं बाई, लावली असेल मी. आठवत नाही. सकाळी सकाळी उलटतपासणी कसली?

भाची: पट्टीखाली खटका आहे, मामा. वरचे बारीक आवाज किती बाहेर सोडायचे, त्याचा. तो पार खाली ओढलेला आहे. तुझ्या खोलीतल्या स्पीकरचाही बघून आले. तिथे सरळ आहे. माझ्याच खोलीत खाली.

मामा: एका कामासाठी केला असेल आणि राहून गेला असेल.

भाची: राहून गेला, आणि वर पट्टी आपोआप उगवली?

मामा: ससुले, आवाज चढवू नकोस.

भाची: ससुली म्हणू नकोस आज. ते नाव तू ठेवलंस. ‘आमच्या ताईच्या पोरीला सशाचे कान आहेत, भिंतीपलीकडची कुजबुज ऐकते’, असं साऱ्या पाहुण्यांना सांगायचास. आणि इथे कामाला आले तर त्याच कानांबद्दल काय म्हणालास?

मामा: जाऊ दे ना.

भाची: ‘काहींचे कान वरपर्यंत पोचत नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस, मी आहे ना.’ डोक्यावर हात ठेवून म्हणालास. मी इथे बसून काम करायचे तेव्हा सगळं मंद वाटायचं, म्हणून बारीक आवाज चढवायचे. आणि घरी आईच्या फोनवर लावलं की कानात सुया! मग रडत तुझ्याकडे यायचे. तू तुझ्या खोलीत जाऊन एक बटण फिरवायचास आणि सगळं गोड. दरवेळी तेच बटण, तेवढंच फिरवायचास. मला वाटायचं, काय कान आहेत माणसाचे!

मामा: शिकवलं नाही का तुला मी? गवतातून चालल्याचा आवाज जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून काढायचा, हे कुणी दाखवलं?

भाची: तू. म्हणून तर लागलंय एवढं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी जगभर सांगत फिरते की मला कान माझ्या मामानं दिले. आणि तूच केसानं गळा कापलास.

मामा: आता हे खूळ डोक्यात घातलं कुणी?

भाची: कानाच्या डॉक्टरनं. काल गेले होते.

मामा: मला न सांगता?

भाची: ऐकण्याचं यंत्र लावून हे काम करता येईल का, ते विचारायला गेले होते. तिनं तपासलं आणि हसायला लागली. म्हणाली, ‘अहो, या खोलीतल्या दिव्याची गुणगुण ऐकू येते म्हणणारी पहिलीच भेटलात. यंत्र कसलं लावताय?’ तिला हसू येत होतं आणि मी तिथे ओक्साबोक्शी रडत होते. तुला माहितीये, घरी फोन वाजला तरी मी आईला विचारायचे, खरंच वाजला का? माझा माझ्यावर इतकाही भरवसा उरला नव्हता.

मामा: एवढं होईल असं वाटलं नव्हतं गं.

भाची: मग कितपत होईल असं वाटलं होतं?

मामा: थोड्या दिवसांपुरतं करायचं होतं. तुझी ती पहिली जाहिरात झाली ना, तेव्हा त्या जाहिरातवाल्यांचा फोन आला. म्हणाले, पुढचं काम त्या मुलीकडेच द्या. मी इथे उभा, आणि ते मला सांगतायत, त्या मुलीला द्या! वाटलं, चालली ही. लोक पळवणार हिला.

भाची: म्हणून माझे पाय कापलेस.

मामा: बसवून ठेवलं. इथे, घरच्या माणसांत.

भाची: आणि हेडफोन? ‘हेडफोननं कान बिघडतात, स्टुडिओत आणायचा नाही’, हे माझ्या काळजीपोटी? का त्यात खरं ऐकू आलं असतं म्हणून?

मामा: जुनं कशाला उकरतेस?

भाची: माहितीपटवाल्या बाईंनी आपण होऊन मला विचारलं होतं. नावाड्यावरचा अख्खा माहितीपट, सगळे आवाज माझे, माझ्या नावानं. आणि मी नाही म्हटलं! म्हटलं, माझ्या कानांत दोष आहे, मामांना द्या. आज दुपारी येतायत त्या. तुझ्याशी पक्कं करायला.

मामा: मग करू ना आपण दोघं मिळून! तुझं नाव आधी, माझं नंतर. चल, राग सोड. हे बघ, खटका सरळ कर आत्ताच्या आत्ता. तू बाईंसाठी नमुना केला होतास ना, नाव काठाला लागते तो? तो लाव. कसा उघडतो बघू आवाज.

भाची: थांब, मागे हात घालते. हं. लावला. ऐक.

मामा: वा! बघितलंस? केवढा फरक पडला! पाणी कसं चमकायला लागलं एकदम. वल्ह्याचे थेंबन् थेंब मोजून घ्यावेत!

भाची: मामा.

मामा: काय?

भाची: मी खटक्याला हात लावलेला नाही. अजून खालीच आहे तो. जसा तू ठेवलास तसाच.

मामा: ताईला सांगू नकोस.

भाची: काय सांगू नको? मामा, इकडे बघ. तुला ऐकू येत नाही का?

मामा: येतं. तुझं बोलणं येतं, पाणी येतं, ढोल येतो. वरचं नाही येत. आधी पाखरं गेली. मला वाटलं, आसपासची झाडं तोडली, म्हणून पाखरंच कमी झाली. मग एकदा तुझी आई खिडकीत उभी राहून म्हणाली, किती किलबिल आहे बघ. तेव्हा समजलं.

भाची: कधीची गोष्ट?

मामा: तू इथे यायच्या आधीची.

भाची: आधीची? मग माझं मिक्सिंग दुरुस्त कसं करायचास?

मामा: ऐकून नाही करायचो. मागे खटक्यावर जेवढं कमी केलं होतं, तेवढं तू वाढवून आणणार हे ठाऊक होतं. मी तेवढं उतरवायचो. बस.

भाची: म्हणजे माझं एकही काम तू कधी नीट ऐकलेलं नाहीस.

मामा: तसं नको म्हणूस.

भाची: मग कसं म्हणू? दोष तुझ्या कानांत होता आणि तो तू माझ्या गळ्यात बांधलास. मी मात्र तू मान डोलावलीस की पोटभर जेवायचे, आणि तू कपाळाला आठी घातलीस की घास उतरायचा नाही. मला सांगायचंस ना, ‘पोरी, माझं वरचं गेलंय, आता तू माझे कान हो.’ झाले असते रे मी. आनंदानं झाले असते.

मामा: तेच म्हणतोय ना, आता हो. बाईंसमोर बोलू नकोस फक्त. या कामात एकदा कळलं की संपला माणूस. कुणी दारात उभं करणार नाही.

भाची: तुझे कान गेलेत हे मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं तू सांग. पण माझे शाबूत आहेत, हे बाईंना मीच सांगणार. काम मी घेतेय. एकटी. आणि इथे बसून नाही करणार.

मामा: मग कुठे करशील? स्पीकर कुठून आणशील?

भाची: बघेन. माझी फितीची टोपली तेवढी घेऊन जाते. चावी ही इथे ठेवली.

मामा: लगेच निघालीस? अगं, तो नमुना... जायच्या आधी एकदा लाव ना. खरंच खटका वर करून. मी काही बोलणार नाही.

भाची: त्याबद्दल तू बोललायस सगळं. ‘शेवट रिकामा आहे. नाव काठाला लागली, पाणी थांबलं, पुढे नुसती शांतता कशाला ठेवलीस?’ मी पुन्हा पुन्हा तिथला आवाज वाढवत गेले. बाई नमुना ऐकून कानावर हात ठेवायच्या, आणि तू म्हणत राहिलास, रिकामंच आहे.

मामा: मला रिकामंच वाटलं गं. लाव एकदा.

(ती दोन्ही खटके वर करते. नमुना पुन्हा सुरू होतो. दोघं उभ्यानंच ऐकतात.)

मामा: नाव लागली. पाणी थांबलं. संपलं का?

भाची: नाही. वाजतंय अजून.

मामा: काय वाजतंय?

भाची: रातकिडा. आईच्या कंगव्याच्या दातांवर नख फिरवून काढायला शिकवला होतास ना मला, लहानपणी. तो.