साडेसातची प्रार्थना

लातूरच्या त्या कॉलेजात लेकीचा, तनुजाचा प्रवेश अर्ज भरायला आलेल्या तुळजाबाईंचे रांगेत पाय दुखून आले होते, पण कान मात्र शाबूत होते. पुढं निलंग्याचे शेषेराव आणि अर्धापूरचे ताहेर टेलर तासभर हुज्जत घालत होते.

"शेषेराव, अनुदान सरकारचं हाय. मग इथं सरस्वतीची प्रार्थना कशापायी?"

"विद्येची देवी हाय ती, ताहेरभाई. तुमच्या पोरीनं, जेबानं हात जोडले तर काय बिघडतंय?"

"हात न्हाई जोडणार. गुमान उभी राहील."

"मग उद्या आमचा दयानंद बी तसंच म्हणंल. शिस्त कुठं राहिली?"

"मी अर्जच आणलाय, जेबाला सूट द्या म्हणून."

"मी बी आणलाय. कुणालाच सूट देऊ नका म्हणून."

खिडकीतल्या क्लार्कनं दोन्ही अर्जांवर शिक्का हाणला.

"प्रार्थना सकाळी साडेसातला असते. मुलं येतील ना?"

"साडेसातला? तवा तर जेबाची क्लासात फिजिक्सची बॅच असती!"

"दयानंदची बी तीच. अन् साहेब, दोन वर्षं त्यो हिकडं फिरकणारच न्हाई. हजेरी तुम्ही लावणार, असं ठरलंय की."

"आमचं बी तसंच ठरलंय."

तुळजाबाईंना राहवेना.

"आमच्या तनुजाचं बी. मग साहेब, प्रार्थना म्हणतं कोण?"

"टेप लावतो ना शिपाई. गफूरमामा. लई नेमाचा माणूस, एक दिवस चुकवत न्हाई."