मोराचा पिसारा

...आन् म्हणं मशीन जुनं झालंय! तुम्हाला सांगतो पावणं, पडद्यावर जरा रेघ उठली की बाल्कनीतनं शिव्या कुणाला? मशीनला! अवो, मशीनचा काय बी दोष न्हाय! तीस वर्सं हा धम्मपाल शाहूपुरीतल्या एकाच टॉकीजात एकच मशीन चालवत हुता, दर सोमवारी तेल घालत हुता, भिंग पुसत हुता. आमच्या बायकोला, मीनाबाईला, कधी इचारलं न्हाय, पण त्येला रोज इचारलंय, "दमलंस का रं?" त्ये दगा देनार व्हय?

तर दोन हजार तीन साली टॉकीज बंद पडलं. मालक जयपालशेठ, लई गोड मानूस, भांडायची बी सोय न्हाय! म्हणाले, "धम्मपाल, पुढच्या महिन्यात मशीन भंगारात जानार. तुमचं काय असंल ते घिऊन जावा." माझं काय असनार हो तिथं? मशीनच की!

आन् त्याच आठवड्यात आले गणपतराव. आमच्या टॉकीजची पोस्टरं रंगवनारे पेंटर. पन तरुनपनी ह्या मानसानं एकट्यानं, हातानं, चित्रामागनं चित्र काढून रंगीत कार्टून केलतं. मोराच्या लग्नाचं, धा मिनिटांचं! एकच रीळ, आमच्याच गोदामात. म्हणाले, "धम्मा, डोळं चाललं माझं. मशीन जायच्या आत एकदा दाव बाबा. शेवटाला मोर पिसारा फुलिवतोय... तेवढ्याला वरीस घातलंय मी."

डबा उघडला तर वास कसा? नासल्या लोनच्याचा! रंग बघावा तर निळा गेलेला, हिरवा गेलेला, मोर सगळा तांबडालाल, कोंबडाच की! तीन आठवडं बसलो. मलमलीनं हात-हात फिलम पुसतोय, कडंची फाटकी भोकं चिकटवतोय, पाठीचा काटा ढिला झाला. आन् शेवटाला आलो तर काय... मोर मान वर करतोय, पाऊल उचलतोय, आन् एकदम "समाप्त"! पिसाराच न्हाय! मधी चिकटवल्याची खून. म्हंजे कुनीतरी कापलाय! मशीनचा काय बी दोष न्हाय, मशीन फाडतंय, असं नीट कापत न्हाय!

मला ठावं हुतं कोन ते. गडहिंग्लजचा आपरेटर पिराजी! रीळ एकदा तिकडं गेलतं. आमच्या आपरेटर लोकांची खोडच हाय, मनात भरलेलं चित्र कापून ठेवायचं. बसलो यष्टीत, वाटंभर शिव्या पाठ केल्या, आन् दारातच त्येच्यावर रिकाम्या केल्या. पिराजी म्हातारा झालेला, कानावर हात ठेवून म्हणतोय, "पावणं, माझ्याकडं आलं तवाच शेवट नव्हता! लोकं वरडली ती माझ्या मशीनच्या नावानं!" खोटारडा! म्हटलं, तुझ्या हातचं पानी बी पिनार न्हाय, आन् तसाच तहानलेला आलो परत.

घरात शिव्या चालूच. मीनाबाई भाकरी थापत म्हणतीय, "अवं, त्या मोराच्या पट्ट्या तुम्हीच न्हाय का निशाला आनून द्यायचासा?"

...

आठवलं हो. लेक ल्हान हुती. उन्हात धरून मोर बघायची, गल्लीतली पोरं बी मागायची. त्या दिवाळीत ते कार्टून मोठ्या पिक्चरच्या आधी लावायचो. दिवसाला तीन खेळ, तीन आठवडं, आन् दर खेळाला मी वीतभर कापायचो. वीतभरानं काय कमी हुतंय? असं दर खेळाला म्हनायचो! कात्री माझी, चिकटवनं माझं, म्हनून तर एवढं नीट!

"मीने, कुठं हायत त्या पट्ट्या?"

"पोरांनी नेल्या. उरलेल्या मी बंबात घातल्या. पानी लवकर तापलं."

खेळ लावला. रिकामं टॉकीज, पहिल्या रांगंत गणपतराव एकटे, चष्म्यावर चष्मा लावून. मशीन काय चाललं हो! एक झटका न्हाय, एक रेघ न्हाय. मोरानं मान वर केली, पाऊल उचललं... समाप्त.

खालनं आवाज आला, "धम्मा, पिसारा?"

सगळं सांगायचं ठरवून बसलो हुतो, पावणं. शपथ! तोंड उघडलं, आन् भाईर काय पडलं?

"मशीननं खाल्ला, गणपतराव."

म्हाताऱ्यानं वरचा चष्मा काढून खिशात घातला. मग उठत म्हणाला, "खाईल बाबा. जुनं झालतं."

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. मशीनला दोरी मीच बांधली. तीस वर्सांत लई लोकांनी त्येला शिव्या घातल्या... शेवटची तेवढी माझी.