अडकणारी किल्ली

दोन उशा. तिखट बेताचं. डाव्या हाताने हस्तांदोलन. घोरणं आवरायचं. किल्ली.

किल्लीवाल्याकडे माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकांच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं होतं.

"काका, घराची आणखी एक किल्ली? कुणी राहायला येतंय?" किल्लीवाल्याने विचारलं.

"स्काउटचा मेळावा आहे ना, देशोदेशीची तरुण पोरं जमतायत. त्यातली दोघं माझ्याकडे, दहा दिवस."

"आणि हे डाव्या हाताचं काय?"

"ते लोक डावाच हात देतात. आठवडाभर आरशासमोर सराव करतोय."

"आरशात तो उजवा दिसत असेल."

"म्हणूनच चुकतोय."

"पण तुम्ही घरातच असता. बेल वाजवतील की."

"बेल मीटर बघणाराही वाजवतो. मी आत बसलोय आणि बाहेरून कुणी किल्ली फिरवतंय, असं सहा वर्षांत झालं नाही."

"काकू गेल्यापासून."

"तिला ते कुलूप कधी एका फटक्यात उघडलं नाही. दोन-तीनदा खुडखुड करायची. तू जरा अडकेल अशीच कर."

"अडकणारी किल्ली मागणारे तुम्ही पहिलेच."

"घाई नाही. परवा येतायत."

पाहुण्यांना घरोघरी न ठेवता सगळ्यांची सोय तंबूत केली आहे, अशी पत्रं मेळाव्याच्या कचेरीतून आदल्या दिवशीच यजमानांना गेली होती. पाकिटांवरचे पत्ते मी लिहिले होते.