दादाच्या टकलामागचं नाव

पासपोर्टच्या रांगेत दादा मोबाइल नाचवत होता आणि धाकट्याचा नुसता जळफळाट चालला होता.

"हे बघ, युद्धाचं म्युझियम! या रणगाड्यावर तर मी चढलोसुद्धा."

"आजोबांचं नाव कोरलेली भिंत दाखव. लढाईवरून आलेली त्यांची पत्रं आजीला वाचून दाखवायचो मी, आणि परदेशात जाऊन भिंत बघून आलास तू."

"किती जळशील रे! ही घे भिंत."

"यात तर तूच आहेस. नाव कुठंय?"

"माझ्या मागं."

"दुसरा फोटो?"

"एकच काढला. टूरची बस सुटत होती."

"अरे, तुझ्या टकलानं आजोबांनाच झाकलंस की!"

तेवढ्यात खिडकीतून साहेबांनी धाकट्याला विचारलं, "कशासाठी जायचंय?"

"आजोबांना भेटायला, साहेब. मागच्या वेळी हा मधे उभा होता."