पहिला खुंटा

(ब्रिटिश कोलंबियातली नदी. काठावर मासे धुरावर सुकवायची खोप. अँब्रोस मासे चिरतो आहे, त्याची भाची डेल्फीन ते दांडीवर टांगते आहे.)

अँब्रोस: एवढंच सांग, नदीत पहिला खुंटा कोणी ठोकला?

डेल्फीन: मामा, चाकू ठेव आधी. त्या माशाच्या चिंध्या करतोयस.

अँब्रोस: मासा माझा, चाकू माझा. खुंटा कोणी ठोकला ते विचारतोय.

डेल्फीन: मासेमारी खात्याच्या साहेबानं. झालं समाधान?

अँब्रोस: आपल्या खडकापाशी.

डेल्फीन: हो, आपल्याच खडकापाशी. मासे अडवायला नदीभर काठ्यांचा कूड घालायचा तर सुरुवात तिथूनच होते. दुसरीकडे कुठे उभा राहणार तो?

अँब्रोस: माझ्या आजोबांनी तिथे कूड घातला म्हणून ह्याच खात्यानं त्यांना तुरुंगात टाकलं. कूड काढून जाळला. वर हातात जाळं ठेवलं, म्हणे आता सुधारलेल्या माणसांसारखे मासे धरा. धरले. आमच्या पिढ्या गेल्या जाळी ओढण्यात. आता हा साहेब येतो, माझं जाळं बोटीत घालून घेऊन जातो, म्हणे जाळं वाईट, कूड चांगला. रेडिओवर काय म्हणाला ऐकलंस? नवी पद्धत.

डेल्फीन: ऐकलं. माझंही डोकं फिरलं. पण जाळ्याबद्दल तो खोटं बोलला नाही. तुझ्या जाळ्यातून मासे मीच सोडवलेत. टाकलेलं लाल सॅल्मनसाठी, आणि कल्ल्यांत दोर रुतून मेलेले निघायचे स्टीलहेड मासे. वरच्या ओढ्यात ते आता बोटांवर मोजण्याएवढे उरलेत. जाळं विचारत नाही, बाबा तू कोण म्हणून. कुडात मासा जिवंत राहतो, नको तो उचलून पलीकडे सोडता येतो. हे मला तूच सांगितलंस.

अँब्रोस: मग मी सांगितलेलं बाकीचं कुठे गेलं? पहिला खुंटा ज्याचा, जागा त्याची. हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काठावर कोण कोण होतं?

डेल्फीन: सगळे. तळ्याकडची चारही कुळं.

अँब्रोस: कोणी हरकत घेतली?

डेल्फीन: नाही.

अँब्रोस: जेवले?

डेल्फीन: जेवले. आईनं रस्सा केला होता.

अँब्रोस: म्हणजे साक्षीदार आले, त्यांनी बघितलं, गप्प बसले आणि वर जेवले. कोर्टातसुद्धा इतकं पक्कं होत नाही. आजोबा तुरुंगात गेले पण जागा सोडली नाही. तू ती रश्श्यासकट देऊन टाकलीस.

डेल्फीन: आणि तू कुठे होतास? दार वाजवून वाजवून माझा हात सुजला. आत तू बसलेलास, खिडकीतून तुझी टोपी दिसत होती. इकडे मासे चढायला लागलेले, पोरं कमरेएवढ्या पाण्यात काकडलेली, आणि घण कोणी उचलायचा ते ठरेना.

अँब्रोस: तू उचलायचास. माझ्या बहिणीची लेक तू. माझ्यामागे माझं नाव तुलाच मिळायचंय.

डेल्फीन: तुझ्यामागे. तेच तर. घराचं नाव ज्याच्याकडे, पहिला खुंटा त्यानंच ठोकायचा. तू जिवंत असताना मी पहिला खुंटा ठोकला असता तर काठावरच्या लोकांनी काय समजायचं?

अँब्रोस: ते वेगळं.

डेल्फीन: वेगळं कसं? म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या असत्या. बायका तिथेच रडायला बसल्या असत्या, अँब्रोस गेला म्हणून. मी तुला माझ्या हातानं पुरायला हवं होतं का? मला वाटलं, साहेब परका माणूस, त्याच्या हाताला आपल्यात काय किंमत. म्हणून घण त्याला दिला. चुकलं माझं. पण तुला मारायला हात झाला नाही.

अँब्रोस: तो खुंटा उपटायचा.

डेल्फीन: उपट. खातं परवाना काढून घेईल. मग ना जाळं, ना कूड. हिवाळ्यात तळ्याकडची माणसं काय खातील, तुझा राग?

अँब्रोस: परवाना. आपल्याच नदीत.

डेल्फीन: हो, आपल्याच नदीत. मला काय त्याची हौस आहे? त्या कचेरीच्या पायऱ्या मी दातओठ खात चढते. पण चढते. रागवायचं काम तुम्ही म्हाताऱ्यांनी वाटून घेतलंत, निस्तरायचं सगळं माझ्या गळ्यात.

अँब्रोस: झालं बोलून?

डेल्फीन: नाही. पण तू बोल.

अँब्रोस: पंगत घाल. तीच चार कुळं बोलव. साहेबालाही बोलव, मानाच्या जागी बसव, पोटभर वाढ. मग सगळ्यांदेखत सांग, आमच्या घराचं दार पाहुण्यानं बसवून दिलं, उपकार झाले, आता आमचं आम्ही बसवतो. हसून सांग. तोंडात आपला घास असताना परवाना कसा काढून घेतो बघू.

डेल्फीन: घेतलाच काढून तर?

अँब्रोस: तर त्याच्या कचेरीच्या पायऱ्या मी चढेन. तुझ्या पुढे.

डेल्फीन: बरं. त्याचा खुंटा मी उपटते. पण त्या जागी आपला ठोकायला तू येणार आहेस का? की परत दार लावून बसणार?

अँब्रोस: उजवा हात खांद्याच्या वर जात नाही माझा. गेल्या हिवाळ्यापासून.

डेल्फीन: काय म्हणतोस?

अँब्रोस: घण उचलत नाही मला. चार कुळांसमोर तो हातातून पाण्यात पडला असता. जाळ्याचा राग खराच होता, पण दार त्यासाठी लावलं नव्हतं.

डेल्फीन: मला सांगायचंस तरी.

अँब्रोस: सांगितलं ना आता.

डेल्फीन: मग ठोकणार कोण, मामा?

अँब्रोस: तूच. मी तुझ्या शेजारी पाण्यात उभा राहतो, खुंटा धरून. मी जिवंत आहे ते काठावरून सगळ्यांना दिसेल.